खर्जासाठी बंद ठेवलेला ट्रान्सफॉर्मर

ट्रान्सफॉर्मर तासाभरासाठी बंद करा, एवढंच कुंदाचं म्हणणं होतं. पंखा बंद करायला सांगावं, तितक्या सहज तिनं ते सांगितलं.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. जंगलाच्या कडेला कारखाना, त्याचं स्वतःचं पॉवर हाऊस आणि पलीकडे कामगारांची वसाहत. वसाहतीत दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी आणि एक क्लबचा हॉल. त्या हॉलमध्ये गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा, एरवी लग्नं. लोकांना ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी एवढंच माहीत. कुंदा नान्हेनं जो ऑर्केस्ट्रा आणला होता, त्यात सिनेमाचं गाणं एकही नव्हतं.

कुंदा आमच्या वसाहतीतलीच. इथल्याच शाळेत शिकली, मग नागपूरला संगीतात एम. ए. केलं आणि स्कॉलरशिप मिळवून युरोपात गेली. तिथं ती संगीत रचायला शिकली. गायचं नाही, वाजवायचं नाही. कोणी काय वाजवायचं ते कागदावर लिहायचं. असंही एक काम असतं, हे मला तिच्यामुळं कळलं. तिची एक रचना तिकडं दोन-तीन शहरांत वाजली होती. तीच घेऊन ती भारतात आली होती. मुंबई झाली, पुढे नागपूर होतं. मधे एक मुक्काम तिनं हट्टानं आमच्या वसाहतीत ठेवला होता. तेरा-चौदा वादक, आठ गायक, त्यातले निम्मे गोरे. होळी नुकतीच झाली होती, ऊन तापायला लागलं होतं. ती माणसं गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली असत.

शुक्रवारी दुपारी हॉलमधून फोन आला. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. मी गेलो. कुंदा स्टेजवर उभी होती. म्हणाली, "विलासदादा, इथं काहीतरी गुणगुणतंय."

मला काही ऐकू येईना. मेंटेनन्सच्या माणसाला गुणगुण ऐकू येत नाही. ती थांबली की ऐकू येते. तिनं मला स्टेजच्या लाकडी फळीवर तळहात ठेवायला लावला. फळी बारीक थरथरत होती.

आधी मी ट्यूबलाइट बंद केल्या. ट्यूबच्या पट्टीत चोक नावाचा एक डबा असतो, जुना झाला की तो कुरकुरतो. ट्यूब गेल्या, आवाज निम्मा झाला. उरलेला आवाज स्टेजच्या मागच्या भिंतीतून येत होता. भिंतीपलीकडे आमचा एक नंबरचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता.

इथं थोडं समजावून सांगतो. खांबांवरून येणारी वीज घराच्या विजेपेक्षा कितीतरी जोरकस असते. ट्रान्सफॉर्मर ती उतरवून घरात वापरण्याजोगी करतो. त्याच्या पोटात लोखंडी पत्र्यांची चळत असते. वीज सतत उलटसुलट होत असते, आणि दर वेळी ते पत्रे केसाहूनही कमी ताणले जातात आणि आखडतात. सेकंदाला शंभरेक वेळा. तीच ती गुणगुण. घरांत दिवा लावा, नका लावू. ट्रान्सफॉर्मरला वीज मिळतेय तोवर तो गुणगुणणारच. आणि आमच्या हॉलचं स्टेज म्हणजे खालून पोकळ लाकडी पेटी. ढोलकीच्या शेजारी बसून कोणी गुणगुणावं, तसं झालं होतं.

"एवढ्याशा आवाजानं काय बिघडतं?" मी विचारलं.

कुंदानं सत्तारभाईंना खूण केली. सत्तारभाई चंद्रपूरचे. गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि दिवाळी ते होळी आमच्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवणार. पायानं भाता मारायचा तो जुना लाकडी ऑर्गन. कुंदाला तिच्या रचनेत सबंध वेळ खाली एक खर्ज धरून ठेवायला तसलाच ऑर्गन हवा होता. तिकडं ती चर्चमधला छोटा ऑर्गन वापरायची. तो कोण आणणार? म्हणून सत्तारभाई. नाटकात रात्रभर पन्नास गाणी वाजवणारा हा माणूस आता दोन पट्ट्या दाबून बसणार होता.

"बाई म्हणते, हलू नका. आजवर सगळे म्हणत, सत्तारभाई, हात चालवा," असं ते मला हसत म्हणाले.

त्यांनी खर्ज लावला. आणि मग मला ऐकू आलं. ऑर्गनचा सूर सरळ येत नव्हता. वॉव, वॉव, वॉव असा हेलकावत होता. ट्रान्सफॉर्मरचा सूर आणि ऑर्गनचा सूर जवळजवळ सारखा, पण तंतोतंत सारखा नाही. असे दोन सूर एकत्र आले की लाटा उठतात.

हे मला नवीन नव्हतं. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पॉवर हाऊसमधलं जनरेटर वीज बोर्डाच्या लाइनला जोडताना दोन्हींची गती जुळवावी लागते. नाही जुळली आणि जोडलं, तर मशीन हादरून निघतं. आमच्याकडं त्यासाठी जुन्या पद्धतीचे दिवे होते. गतीत फरक असला की दिवे उजळतात, मंदावतात, पुन्हा उजळतात. फरक कमी होत जाईल तसा हा खेळ संथ होतो. शेवटी दिवे पूर्ण विझतात. म्हणजे जुळलं. त्या क्षणी ब्रेकर, म्हणजे जोडणारा मोठा स्विच, मारायचा. याला आम्ही सिंक करणं म्हणतो.

हे मला शिकवलं होतं दयारामभाऊ नान्हे यांनी. कुंदाचे वडील.

मी ट्रेनी म्हणून आलो तेव्हा नान्हेभाऊ टर्बाइनचे ऑपरेटर होते. सिंदेवाहीकडच्या एका तलावकाठच्या गावचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. हे पहिले कारखान्यात आलेले. टर्बाइनच्या मजल्यावर इतका आवाज, की शेजारचा ओरडला तरी ओठ हललेले तेवढे दिसत. नान्हेभाऊ एक लोखंडी सळई घ्यायचे, एक टोक बेअरिंगला लावायचे, दुसरं कानामागच्या हाडाला. त्यातून त्यांना बेअरिंग बरं आहे की दुखतंय ते कळायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कानात घालायला कापूस दिला. स्वतः घालत नव्हते. मी इशाऱ्यानं विचारलं, तुम्ही का नाही? बाहेर आल्यावर म्हणाले, "मले मशीन ऐका लागते. तुमच्या कानाले अजून लय ऐकाचं हाय."

आज माझं वय झालं, चष्मा लागला, गुडघे गेले. कान शाबूत आहेत. ते त्या कापसाचे उपकार.

नान्हेभाऊंचे कान मात्र गेले. कानठळ्या बसणाऱ्या जागी वर्षानुवर्षं काम केलं की आधी बारीक, उंच आवाज जातात. घंटी, पाखरं, बायकामुलांचं बोलणं. जाड, खालचे आवाज बरेच दिवस टिकतात. ट्रक आला ते त्यांना कळायचं. दारावरची घंटी कळायची नाही. कुंदाचा परदेशातून फोन यायचा तेव्हा ते दोनदा "हो, हो" म्हणत आणि रिसीव्हर बायकोकडे देत. अलीकडे त्यांना टर्बाइनवरून काढून स्टोअरला दिलं होतं. मुंबईच्या कार्यक्रमाला या म्हणून कुंदानं तिकीट पाठवलं होतं, ते गेले नाहीत. मले ऐकूच येत नाई तं मी तिथी जाऊन काय करू, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी स्टेजच्या पायरीवर बसून कुंदानं मला तिची रचना समजावली. मी तिला विचारलं नव्हतं; बहुधा तिला कोणाला तरी सांगायचं होतं.

तिकडं फार जुन्या काळी मठांतले साधू एका सुरात प्रार्थना गात. पुढे कोणीतरी खाली एक लांब सूर धरायला लागलं, आणि त्यावर दुसरा आवाज फिरायला लागला. ती जुनी हस्तलिखितं शिकताना तिला वाटलं, हा तर आपला तानपुरा आहे. मग तिनं त्यात आपल्याकडचा आलाप आणला, सावकाश एकेक सूर उलगडणारा. आणि मधल्या भागात तिच्या आजीच्या तोंडचं धानाच्या रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं गाणं. चिखलात वाकून बाया म्हणतात ते. पण तिनं ते बायकांच्या उंच आवाजात ठेवलं नाही. पुरुषांच्या खालच्या गळ्यात आणि चेलोवर दिलं. चेलो म्हणजे मांडीपुढे उभा धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. सगळी रचनाच खाली खाली चालायची. तिकडच्या लोकांनी म्हणे तिची स्तुती केली, की किती गूढ, किती काळोखी संगीत आहे.

"काळोखी काही नाही हो," कुंदा म्हणाली. "बाबांना जेवढं ऐकू येतं, तेवढ्यातच लिहिलंय."

आणि शेवट. शेवटी दोन चेलो जवळजवळ सारखा सूर लावतात. लाटा उठतात. मग एक चेलो हळूहळू दुसऱ्याकडे सरकतो, लाटा संथ होत जातात, आणि दोन्ही एक झाले की सगळे थांबतात. विश्वकर्मा पूजेला घरच्यांना पॉवर हाऊस पाहू द्यायचे. तेव्हा लहानपणी तिनं ते सिंकचे दिवे पाहिले होते, वडिलांच्या कडेवर बसून.

म्हणजे शेवटच्या त्या लाटा हीच सगळी गोष्ट होती. आणि माझा ट्रान्सफॉर्मर पहिल्या मिनिटापासून त्याच्या स्वतःच्या लाटा घालत होता.

तिनं आधी स्वतःच एक तोड सुचवली. ट्रान्सफॉर्मरच्या सुरालाच खर्ज धरून सगळ्यांनी वाद्यं जुळवली तर? मला सांगावं लागलं, की तो सूर एका जागी राहत नाही. गुजरातपासून मध्य प्रदेशापर्यंत सगळी वीज एकमेकांना जोडलेली. संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की सगळीकडचीच गती मंदावते, आमच्या ट्रान्सफॉर्मरचा सूर उतरतो. मागणी घटली की चढतो. कुंदाला हे ऐकून मजा वाटली. अहमदाबादेत कोणी गिरणी सुरू केली की आमच्या हॉलमधला सूर हलतो, हे ती परत परत म्हणत राहिली. सत्तारभाईंना मजा वाटली नाही. त्यांच्या ऑर्गनचे सूर आतल्या पितळी पट्ट्यांनी कायमचे ठरलेले. तो एका संध्याकाळीत खाली-वर कसा करणार?

तेव्हा उपाय एकच. एक नंबर बंद करायचा, कुंदानं सहज सांगून टाकलं तसा.

हॉल, दवाखाना, पाण्याचा पंप आणि निम्मी क्वार्टर्स एक नंबरवर. उरलेली क्वार्टर्स आणि बंगले दोन नंबरवर, तो वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. दोन्हींच्या मधे जोडणारा एक स्विच होता, त्याला आम्ही कप्लर म्हणतो. कप्लर जोडला की एक नंबर बंद करून सगळा भार दोन नंबरवर टाकता येतो. थंडीत आम्ही हे दुरुस्तीसाठी करायचो, लोकांना कळायचंही नाही. पण होळीनंतर घराघरांत कूलर निघतात. संध्याकाळी सात वाजता एकट्या दोन नंबरला सगळी वसाहत झेपली नसती. ब्रेकर पडला असता. म्हणजे अख्खी वसाहत अंधारात, दवाखान्यासकट. दवाखान्याचं छोटं जनरेटर त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं होतं.

मी आमच्या चीफकडे गेलो. मूर्ती साहेब गोदावरीपलीकडचे. घरी तेलुगू, आमच्याशी हिंदी मिसळलेलं मराठी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गाण्यासाठी ट्रान्सफॉर्मर बंद?"

"हो सर."

"वॉर्डमध्ये पेशंट किती?"

मी दवाखान्यात विचारून आलो होतो. एक बाळंतीण आणि तापाचे दोघेतिघे.

त्यांनी स्पष्ट सांगितलं, की सर्क्युलर ते काढणार नाहीत. सर्क्युलर काढलं की तो मॅनेजमेंटचा हुकूम होतो, आणि कूलर बंद करा असा हुकूम लोक ऐकत नाहीत. उलट दोन कूलर लावतील. लोड खाली आला तर करा, नाही आला तर एक नंबर चालूच राहील. निर्णय माझा, जबाबदारी माझी.

"आणि नान्हेंना सांगू नका," ते शेवटी म्हणाले. "तो माणूस म्हणेल, राहू द्या."

शनिवारी सकाळपासून मी आणि आमचा वायरमन भीमराव दारोदार फिरलो. मी विचार केला होता की लोडचं गणित समजावून सांगावं. पहिल्या दोन घरांत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कूलरकडे पाहिलं. तिसऱ्या दारात भीमरावच पुढे झाला. म्हणाला, "नान्हेभाऊच्या पोरीचा कार्यक्रम हाय. त्यायले ऐकू याले पायजे म्हणून सात ते आठ कूलर बंद ठेवा लागते."

त्या घरातल्या बाई एवढंच म्हणाल्या, "नान्हेभाऊसाठी ना? ठेवतो मंग."

त्यानंतर गणित मी कोणालाच सांगितलं नाही. उन्हाळ्यात तलाव आटायला लागला की नान्हेभाऊ गावी जाऊन जाळं टाकायचे आणि परत येताना मासोळ्या क्वार्टरच्या ओळीनं वाटत यायचे. कोणाच्या घरी माणूस आजारी असला तर त्याची पाळी स्वतः करायचे. हे सगळं मला दारोदार ऐकायला मिळालं. काही दारांत आम्हाला चहा घ्यावा लागला. एका घरात नुकतंच बाळ होतं. तिथं मीच म्हटलं, तुमचा कूलर चालू राहू द्या.

संध्याकाळी पावणेसातला भीमराव दोन नंबरच्या पॅनेलपाशी उभा राहिला आणि मी एक नंबरच्या. दोन्हीकडे कारखान्याचे अंतर्गत फोन होते. पंपाची टाकी दुपारीच भरून पंप बंद ठेवला होता. भीमराव मीटर वाचून सांगत होता. काटा उतरत गेला. खिडक्यांतले कूलर एकेक करून थांबत होते, ते मला ओट्यावर उभं राहून ऐकू येत होतं. एरवी संध्याकाळी वसाहत घरघरत असते. ती घरघर विरळ होत गेली. त्या क्षणी मला फार भरून आलं, हे कबूल करतो. ती गाणी यातल्या एकाही माणसाला कळणार नव्हती.

कप्लर जोडला. एक नंबर उघडला. म्हणजे बंद केला. आमच्या भाषेत स्विच उघडला की वीज बंद होते, त्यानं नवीन पोरं नेहमी गोंधळतात.

ट्रान्सफॉर्मर गप्प झाला.

मी हॉलमध्ये जाऊ शकत नव्हतो. पॅनेल सोडणं शक्य नव्हतं. पण हॉलच्या मागच्या भिंतीला वर झरोके होते, त्यांतून सगळं येत होतं. आधी सत्तारभाईंचा खर्ज आला. सरळ, रेघ ओढल्यासारखा. त्यावर एक पुरुषी आवाज आला, मग दुसरा, पहिल्याच्या समांतर चालणारा. मला त्या संगीतातलं काही समजत होतं असं म्हणणार नाही. देवळात कोणी दूरवर काही म्हणत असावं, तसं वाटत होतं. मग केव्हातरी त्यातून रोवण्याच्या गाण्याची चाल वर आली, आणि हॉलमध्ये बायकांची थोडी चुळबुळ झाली. ओळखली होती त्यांनी.

साधारण अर्धं झालं असेल. फोन वाजला.

"साहेब, लोड चढून राह्यला," भीमराव म्हणाला.

"कुठून?"

"बंगल्यायकडून असन. क्वार्टर तं शांत हायेत."

बंगल्यांच्या दारांत आम्ही गेलो नव्हतो. साहेब मंडळी सहकुटुंब कार्यक्रमाला येणार होती, बंगले रिकामेच राहणार होते. पण परत आल्यावर घर थंड मिळावं म्हणून त्यांनी एसी चालू ठेवून कुलपं लावली होती. संध्याकाळी दारं-खिडक्या बंद, भिंती दिवसभर तापलेल्या. आधी आळीपाळीनं थांबणारे एसी आता सगळे एकदम लागले होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते. एक एसी म्हणजे डझनभर कूलर. काटा लाल खुणेपाशी गेला होता. लाल खुणेवर काही मिनिटं राहिला की ब्रेकर आपोआप पडणार.

माझा हात एक नंबरच्या हँडलवर गेला. परत चालू केला की भार वाटला जाईल, धोका टळेल. आणि गुणगुण सुरू होईल.

मी हॉलच्या बाजूच्या दारातून आत वाकलो. मूर्ती साहेब दारालगतच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या कानाशी सांगितलं. ते ऐकता ऐकताच उठले, बाहेर आले, चपला घातल्या. मग परत आत गेले आणि पुढच्या रांगेतून वाकून वाकून चाललेले मला दिसले. एकेका साहेबाच्या पुढे हात पसरून ते किल्ल्या मागत होते. प्लँटचा चीफ, पांढरा शर्ट घातलेला, ऐन कार्यक्रमात लोकांच्या बंगल्यांच्या किल्ल्या गोळा करत होता, आणि कोणाची हूं की चूं करायची हिंमत झाली नाही.

ते जीपनं गेले. मी भीमरावाला फोनवर धरून ठेवलं. काटा लाल खुणेवर थरथरत होता. बाहेरचे रस्त्यावरचे दिवे मी बंद केले, तेवढाच हातभार. मग भीमराव म्हणाला, उतरला. थोड्या वेळानं म्हणाला, अजून उतरला. एकेक बंगला उघडून मूर्ती साहेब एसी बंद करत चालले होते, ते आम्हाला मीटरवर दिसत होतं.

शेवट मी ऐकला. सगळे आवाज थांबले, फक्त दोन चेलो उरले. लाटा उठल्या. मग त्या लांबत गेल्या. मी पॅनेलपाशी उभा असूनही माझा उजवा हात आपोआप वर आला होता, ब्रेकर मारायला येतो तसा. लाट अगदी संथ झाली, सपाट झाली, सूर एक झाला, आणि थांबला.

टाळ्या जरा उशिरानं आल्या. संपलं की नाही ते लोकांना कळलं नव्हतं.

मी एक नंबर चालू केला, कप्लर उघडला आणि आत गेलो. कुंदानं वडिलांना स्टेजवरच, ऑर्गनच्या शेजारी बसवलं होतं. चपला काढून, पाय फळीवर टेकवून. सत्तारभाईंनी त्यांचा हात ऑर्गनच्या लाकडावर ठेवून घेतला होता. कार्यक्रम संपला तरी तो तिथंच होता. कुंदा त्यांच्यापुढे उकिडवी बसली होती. ऐकू आलं का, हे विचारायला धजत नव्हती असंच म्हटलं पाहिजे.

नान्हेभाऊ तिच्याकडे बघून म्हणाले, "ब्रेकर उशिरा मारला तू."

कुंदाला कळलं नाही. मला कळलं. ब्रेकर मारल्यावर तो आत प्रत्यक्ष जुळायला क्षणभर वेळ लागतो. म्हणून जाणता ऑपरेटर दिवा पूर्ण विझायची वाट पाहत नाही. विझायच्या किंचित आधी मारतो. मी तिला ते सांगितलं.

"हो," नान्हेभाऊ म्हणाले. "थोडं अगोदर थांबाले पायजे होतं. बाकी सगळं बराबर होतं. त्या दोघायचं फिरणं मले पुरं ऐकू आलं, बाई."

कुंदा रडली. तो भाग मी सांगत नाही. सत्तारभाईंनी उठून पाय झटकले. सबंध वेळ भाता मारून त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

नागपूरच्या कार्यक्रमात कुंदानं शेवट बदलला. सूर पूर्ण एक व्हायच्या किंचित आधी ती थांबवते, उरलेलं ऐकणाऱ्याच्या कानात जुळतं. तिकडं पुढेही तसाच वाजतो म्हणे. छापील प्रतीवर त्या जागी वडिलांच्या नावाचं एक अक्षर टाकलंय, असं तिनं मला कळवलं. वडिलांसाठी कार्यक्रमाची कॅसेटही पाठवली. साध्या टेपवर खालचे सूर येत नाहीत, म्हणून सत्तारभाईंनी आलापल्लीकडच्या सागवानाची एक दांडगी पेटी करून तिच्यात मोठा स्पीकर बसवून दिला. रिटायर झाल्यावर नान्हेभाऊ तो गावी घेऊन गेले. तलावाकडून येताना दूरवरून तो जाणवतो, असं भीमराव सांगायचा.

सोमवारी मूर्ती साहेबांनी मला बोलावलं. वाटलं होतं आता खरडपट्टी निघणार. त्यांनी एवढंच विचारलं की शेवट कसा होता, कारण ते तेव्हा पाच नंबरच्या बंगल्यात स्विच शोधत होते. मी जमेल तसा सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि पुढची फाइल ओढली. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, लॉगबुकात नीट लिहा.

त्या माणसाचे, भीमरावाचे आणि त्या संध्याकाळी घामेजून बसलेल्या क्वार्टरांच्या साऱ्या ओळींचे आभार तेव्हा मानायचे राहिले. इथं मानतो.

पुढे नोकरीत मी अनेकदा एका ट्रान्सफॉर्मरचा भार दुसऱ्यावर टाकला. नवीन इंजिनियरांना एक गोष्ट कायम सांगितली. लोड मोजताना माणसं असलेली घरं धराच, पण ती सांगितलं तर ऐकतात. कुलूप लावलेली घरं आधी धरा.